दोन सासरे आणि एक झाकण

फोनवरच्या फोटोला जावईबापू फोटो मानतच नसत. बोट लागलं की निघाला, त्यात माणसाचा पराक्रम तो काय? म्हणून त्यांनी रोल घालायचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतला, विटेएवढा जाड आणि विटेहून जड, आणि घरात जाहीर केलं की बाबांचा फोटो आता मीच काढणार.

बाबा म्हणजे त्यांचे सासरे. उभ्या आयुष्यात हा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला नव्हता. स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ते कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धेमुर्धेच सापडतात. सासूबाईंना मात्र भिंतीवर दोघांचा एक तरी फोटो हवा होता, आणि मागून मागून त्या थकल्या होत्या. जावईबापूंनी असा काही लकडा लावला, की शेवटी बाबा कंटाळून म्हणाले, "एकदाच बसेन. परत विचारायचं नाही."

रविवारी सकाळी जावईबापूंनी सोफा खिडकीकडे ओढला, सासूबाईंना आणि बाबांना त्यावर बसवलं, पडदे उतरवले, पंखा बंद केला आणि सगळ्यांना ताकीद दिली. कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही आणि मुख्य म्हणजे कुणी मला शिकवायचं नाही. बायकोने नुसता सुस्कारा टाकला. मेहुणी खिडकीशी उभी राहून फोनवर फोटो काढायला लागली, तर तिला म्हणाले, ते खेळणं जरा बाजूला ठेव. तिने मान डोलावली, पण फोन काही ठेवला नाही.

या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर एक वेगळी खिडकी असते. तिच्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो आणि लेन्सची कडी फिरवून त्या दोघांचा एक करायचा असतो. एका सासऱ्यापुढेच ज्यांची बोबडी वळायची, त्या जावईबापूंसमोर आता दोन सासरे बसले होते. एकाला जवळ आणावं तर दुसरा भलतीकडे सरके. पंखा बंद, कपाळावरचा घाम कॅमेऱ्याच्या त्या खिडकीच्या काचेला लागलेला.

"जावईबापू," बाबा म्हणाले.

"थांबा बाबा, जुळत आलंय."

एक फोटो निघाला. दुसऱ्याच्या वेळी बाबांनी बोट वर केलं. "अहो, ते तुमचं..."

"बोट खाली, बाबा! एवढं सांगूनही तुम्ही हलता म्हणजे कमाल आहे."

सासऱ्यांवर आवाज चढवलेला हा पहिलाच जावई. बाबांनी बोट खाली घेतलं आणि गालातल्या गालात हसायला लागले. जावईबापूंना वाटलं, हेच ते हसू! सगळा रोल त्या हसण्यावर उडवून मगच त्यांनी पंखा लावला.

रोल धुणाऱ्या दुकानदाराने पट्टी उजेडात धरली. काचेसारखी स्वच्छ, एकही चित्र नाही. त्याने फार नरमाईने विचारलं, की लेन्सचं झाकण काढलं होतं ना? जावईबापू त्याच्यावर उखडणारच होते, पण पिशवीतून कॅमेरा बाहेर काढला तर झाकण अजून जिथल्या तिथे.

घरी त्यांनी बायकोला विचारलं, की तुम्हाला कुणालाच कसं दिसलं नाही?

"दिसत होतं की. आम्हाला वाटलं, एवढ्या महागाचा कॅमेरा, तसाच असेल. आणि बोलायची सोय कुठे ठेवली होतीत?"

मग ते पडेल चेहऱ्याने बाबांकडे गेले. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "एकदाच म्हणालो होतो," म्हणाले.

आता भिंतीवर फोटो आहे तो मेहुणीच्या फोनमधला. सासूबाई नटून बसल्यात, शेजारी बाबा खुदुखुदू हसताहेत आणि कडेला जावईबापू एक डोळा मिटून, झाकण लावलेला कॅमेरा रोखून उभे आहेत. ही कड कापून छोटी फ्रेम करूया, असं त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं.

सासूबाई ऐकत नाहीत. "असू दे हो जावईबापू," त्या म्हणतात, "हे कशाला हसताहेत ते लोकांना कळायला नको का?"