चिठ्ठीत निघालेलं घर

सोमणांना ‘बरं’ हा शब्द चालत नसे. सकाळी ओट्यावरून कुणी सहज विचारलं, “काय सोमण, बरं आहे ना?” की ते वहाणा पायात सरकवता सरकवता थांबत आणि विचारत, “कशाच्या मानानं?” विचारणारा आपला हसून घरात जाई आणि सोमण उत्तराची वाट बघत थोडा वेळ तिथंच उभे राहत.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमचे हे पनवेलला भाताच्या गिरणीत कारकून होते. घराची माडी रिकामी होती, ती सोमणांना भाड्यानं दिली. एकटा माणूस, वय चाळिशीच्या आसपास, म्हणून जेवणही आमच्याकडेच ठरलं. नोकरी सरकारी, पण कचेरीत बसायची नव्हे. देशातली माणसं काय खातात, काय नेसतात, चुलीत काय जाळतात हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. सगळ्यांना विचारत बसणं शक्य नव्हतं. म्हणून थोडी गावं घ्यायची, त्या गावांतली थोडी घरं घ्यायची आणि त्यांना नीट विचारायचं. हे विचारायचं काम सोमणांचं. सायकल, छत्री आणि खाकी पिशवी घेऊन ते पनवेल-उरणच्या बाजूची आगरी-कोळ्यांची गावं फिरत.

हे सगळं त्यांनी मला आमटीवर समजावलं होतं. पातेलं नीट ढवळलं असेल तर एका पळीत सगळ्या आमटीची चव कळते, असं ते म्हणाले. समजावलं ते ठीक, पण तेव्हापासून मी पळी उचलली की त्यांची नजर पातेल्याकडे जाई. एकदा मी न ढवळता वाढली, तर वाटी मागे ओढून म्हणाले, “वहिनी, ही वरची आहे.”

कुठलं घर घ्यायचं ते सोमण मनानं ठरवत नसत. गावातल्या सगळ्या घरांना नंबर द्यायचे आणि मग एक पुस्तक उघडायचं. त्या पुस्तकात पानोपान नुसते आकडे होते, एकापुढं एक, कसलाही मेळ नसलेले. त्यात जो नंबर येईल ते घर. ते याला ‘चिठ्ठी निघाली’ म्हणत. पुस्तक ते देवाच्या पोथीसारखं फडक्यात बांधून ठेवत.

तेव्हा पनवेलला आकड्यांचा नाद लागलेला होता. परदेशातल्या कापसाच्या भावाचा आकडा काय फुटेल यावर लोक पैज लावत. सोमणांकडे आकड्यांचं पुस्तक आहे ही बातमी आळीत कशी फुटली कोण जाणे, पण एका दुपारी कोपऱ्यावरचा रघू शिंपी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून माडीवर गेला. उद्याचा आकडा सांगा, एवढंच त्याचं म्हणणं. सोमणांनी त्याला बसवून घेतलं आणि पुढचा आकडा काय येईल हे कुणालाच सांगता येत नाही, हाच या पुस्तकाचा मोठा गुण कसा आहे, ते तासभर सांगितलं. रघू खाली आला तो मला डोळा मिचकावून म्हणाला, “पक्का माणूस आहे. दाद लागू देत नाही.”

आंबे आणायलाही आम्ही त्यांना एकदाच पाठवलं. त्यांनी करंडीतले आंबे वास घेऊन किंवा दाबून बघितले नाहीत. डोळे मिटून वरचे, मधले, तळाचे असे उचलले. निम्मे आंबट निघाले. आमचे हे तोंड वाकडं करून बसले होते आणि सोमण खुशीत होते. आता करंडीचा खरा अंदाज आला, म्हणाले.

एक मात्र होतं. त्यांच्याबद्दल काही विचारायला गेलं की ते त्यातून सवाल काढत. गावाकडे कोण असतं, असं मी विचारलं, तर गाव म्हणजे जन्माचं की राहण्याचं, असा खुलासा त्यांनी मागितला. तोवर माझी भाकरी करपली आणि ते राहूनच गेलं.

अशात त्यांच्या वाट्याला खाडीकाठचा एक कोळीवाडा आला आणि चिठ्ठीत चांगुणाबाईचं घर निघालं.

चांगुणाबाई म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. नवरा कधीच गेलेला, मुलगा मुंबईला गोदीत. सुकट-बोंबील विकून राहायची. सोमण दारात गेले तशी ती म्हणाली, “मना काय इचारतंस? पाटलाकडं जा. मी एकली बाय.” सोमणांनी छत्री मिटून पहिला प्रश्न विचारला. तिनं मासळी धुतलेलं पाणी त्यांच्या पायांपुढं ओतलं आणि दार लावून घेतलं.

गावाला गंमत झाली. पाटील म्हणाले, आमच्या घरी या, घावणे खा, चहा घ्या, काय हवं ते लिहून घ्या. सोमणांनी चहाही घेतला नाही. वरच्या साहेबांना कळवलं, तर त्यांचंही म्हणणं पडलं की शेजारचं घर घ्या आणि मोकळे व्हा. सोमण त्या दिवशी पानावर बसून भात नुसता कालवत राहिले. मी म्हटलं, एक म्हातारी नाही बोलली तर असं काय बिघडलं?

“ती एकटी नाही, वहिनी,” ते म्हणाले. “तिच्यासारख्या किती असतील किनाऱ्यावर. हिला सोडलं की त्या सगळ्याच सुटल्या. पाटलांचं घर घ्यायला सोपं आहे, पण सोपी घरंच लिहिली तर सरकारला वाटेल, सगळा देश घावणे खातो.”

ते पुन्हा गेले. पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी तिच्या दारासमोर सुकत घातलेल्या जाळ्यांपाशी बसायचे, आणि गावातली मंडळी तमाशा बघायला भोवती जमायची. असंच बसले असताना एकदा त्यांच्या ध्यानात आलं की बाई त्यांच्याकडे बघत नाही. ती त्यांच्यामागच्या गर्दीकडे बघते आहे.

मग त्यांनी जे केलं ते त्यांनीच मला कानकोंडे होऊन सांगितलं. पुढच्या खेपेला गावात शिरताच त्यांनी पाटलांना सांगितलं की होड्यांची मोजणी करायची आहे, सगळ्यांनी आपापल्या होडीपाशी उभं राहावं. सगळा गाव बंदराकडे पळाला. सोमण चांगुणाबाईच्या दारात गेले आणि म्हणाले, आता ऐकायला कुणी नाही. तिनं बसायला पाट दिला.

तिनं काय सांगितलं, असं मी विचारलं तेव्हा ते नुसतं म्हणाले, “ते सांगायचं नसतं.” त्यानंतर बंदरावर जाऊन त्यांनी एकूण एक होडी मोजली. कागदावर होड्यांना रकाना नव्हता, पण लोकांना खोटं सांगितलं असं व्हायला नको, म्हणून.

काम संपलं. तरी सोमण दर रविवारी सायकल काढून कोळीवाड्याला जाऊ लागले. माहिती अपुरी आहे का, असं ह्यांनी विचारलं. नाही, पुरी आहे, म्हणाले. येताना पिशवीत सुकटीची पुडी असायची. स्वतः शाकाहारी, पण बाईला नाही म्हणता येत नसे. वास आळीभर दरवळायचा. ती पुडी ते रघू शिंप्याला देत, आणि रघू ती घेताना अजून आशेनं विचारत असे, “आकडा काय म्हणतो?”

पावसाळा संपता संपता सोमणांना हिवताप धरला. डॉक्टरांनी कडू गोळ्या दिल्या. खोलीतल्या खाटेवर ते पांघरुणात कुडकुडत पडून असत. मी पेज वर नेऊन द्यायची, ती बरीचशी तशीच खाली यायची. एक रविवार गेला, दुसराही गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आळीत गलका ऐकू आला. एक कोळीण दारोदार विचारत होती, कागदवाला सायेब कंचे घरान हाय. सोमणांचं नाव तिला ठाऊक नव्हतं. बाजाराच्या टोकापासून सुरुवात करून ती प्रत्येक दार वाजवत आमच्यापर्यंत आली होती. लुगडं कासोटा मारून नेसलेलं, डोक्यावर रिकामी पाटी. ती ओट्याखालीच थांबली. ही चांगुणाबाईच, हे मी ओळखलं आणि म्हटलं, वर चला.

जिन्यात ती मला म्हणाली, “मी गावात सांगतंय, पोरगा मुंबयशी समदा धाडतो. तो काय बी धाडत नाय. मीठभात खातंय मी. याला खरा सांगितला, तं यानं कंदी कुनाला बोलून नाय दाखवला. पोटभर जेवलीस का, म्हनून इचारला मना. तसा कुनी इचारत नाय, बाय.”

सोमणांनी तिला बघितलं आणि उठून बसायची धडपड केली. तिनं त्यांना निजवलं. मग खोलीभर नजर फिरवली: खाट, ट्रंक, कोपऱ्यात छत्री. “तुजा कोन हाय?” तिनं विचारलं. तुझं म्हणजे कसं, असं काहीतरी सोमण पुटपुटले. तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला तसे ते म्हणाले, “कुणी नाही.”

“आईस?”

“लहानपणी गेली.”

“कशी होती?”

मी पेज गरम करून आणायला खाली गेले. वाटी घेऊन परत आले तेव्हा सोमण बोलत होते. त्यांची आई चांगली उंच होती. तिला गाता येत नसे, तरी जात्यावर बसली की ती गायची. तापात ती त्यांच्या कपाळावर ओला पंचा ठेवायची आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. ते सांगत होते आणि चांगुणाबाई मधूनमधून हुंकार देत होती. आमच्या घरात जेवणाऱ्या या माणसाला इतकं बोलताना मी प्रथमच ऐकत होते. मी आत न जाता जिन्याच्या तोंडाशी थांबले.

शेवटी तिनं उठून माझ्या हातातली वाटी घेतली आणि त्यांना पेज भरवली. एक घोटही उरला नाही. बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. तिनं पांघरूण पायांवर सारखं केलं आणि गावाकडची शेवटची मोटार कधी सुटते ते मला दबक्या आवाजात विचारलं.

मी म्हटलं, आज राहा.

तिनं रिकामी पाटी भिंतीशी उभी केली आणि खाटेजवळ जमिनीवर बसली. मी तिच्यासाठी तांदूळ धुवायला खाली गेले.