खाटेखालचा शाफ्ट

सुबराव साळुंखे रोज सकाळी जीपखाली उताणे पडून तिचे नट मोजायचे. आटपाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून मी रुजू झालो, त्या दिवशी मला आधी त्यांचे पाय दिसले. मी म्हटलं, "नमस्कार, मी नवा डॉक्टर." जीपखालून आवाज आला, "थांबा. आकडा चुकंल."

मी थांबलो. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, खाकी शर्टाची माती झटकली आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"समदं नट हायत," ते म्हणाले. "तुमी डॉक्टर व्हय? मग सांगा, बैलाला वरच्या जबड्यात म्होरं दात किती?"

"एकही नाही."

"हं. खरं डॉक्टर दिसताय." पण आवाजात खात्री नव्हती.

पन्नाशीचा, उंच, वाळका माणूस. मिलिट्रीत ट्रक चालवून आलेले, आता आमच्या सरकारी जीपचे ड्रायव्हर. गावाबाहेर दोन खोल्यांत एकटेच राहायचे. जगातला प्रत्येक मिस्त्री चांगला पार्ट काढून त्या जागी जुना घालतो, याबद्दल त्यांना शंका नव्हती. बाकी सगळ्याबद्दल होती. "हितं कायतरी गोम हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. जीपच्या प्रत्येक पार्टावर त्यांनी कानशीनं तीन रेघा मारून ठेवल्या होत्या. पेट्रोल बोटावर घेऊन हुंगायचे. हॉटेलातला चहा आधी बशीत ओतून उजेडात धरायचे. एकदा आमचा कंपाउंडर त्यांना सहज म्हणाला, "सुबराव, आज लय ताजंतवानं दिसताय." झालं! याचं माझ्याकडं काय काम असंल, या विचारात त्यांचा तो दिवस गेला.

जीपचा हॉर्न वाजत नव्हता. रस्त्यात मेंढरं आडवी आली की सुबराव बाहेर मान काढून ओरडायचे, "ए, सरका रं बाजूला!" मी म्हटलं, दुरुस्तीचा अर्ज लिहितो. ते घाबरलेच. "नगं सायब. सांगलीला न्यावी लागंल. हॉर्न घालत्याल आन दुसरं कायतर काडून घेत्याल."

त्या कोरड्या वर्षांत माणगंगेपलीकडं जनावरांची छावणी पडली होती. बैलांना लस टोचायला आम्ही निघालो. नदीत पाण्याचा थेंब नव्हता, नुसती वाळू. मधोमध मागची चाकं रुतली.

"सुबराव, पुढच्या चाकांचा गिअर टाका."

त्यांनी दांडी ओढली. मागची चाकं गरगरली, पुढची ढिम्म.

"परत टाका."

"टाकून उपेग न्हाई."

"का?"

सुबराव लांबच्या टेकडीकडं बघायला लागले. "म्होरला शाफ्ट घरी हाय."

गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा म्हणजे हा शाफ्ट. तो नसला तर जीप सपाट रस्त्यावर झकास चालते, फक्त जिथं जीपची गरज असते तिथं चालत नाही.

"घरी? घरी काय करतोय तो?"

"खाटंखाली ठिवलाय. गेल्या साली सांगलीच्या कारखान्यात गाडी दोन दिस ठिवून घेनार हुते. असला चांगला शाफ्ट बघून कुनाचं मन फिरलं असतं. म्हनून जायच्या आदीच काडला."

शेवटी छावणीतून बैलांच्या दोन जोड्या आणल्या आणि त्यांनी आम्हाला ओढून पलीकडं नेलं. तासाभरानं त्याच बैलांना मी सुया टोचल्या. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुबरावांच्या घरी जाऊन खाटेखाली वाकलो. शाफ्ट फडक्यात गुंडाळलेला होता. शेजारी हॉर्नही होता.

"हा वाजतो?" मी विचारलं.

"लय झकास वाजतोय," सुबराव अभिमानानं म्हणाले.

वर्षभर पडून शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे दांड्याला वळू देणारा सांधा, गंजून जाम झाला होता. नवा घालायला सांगली गाठणं भाग होतं. हळदीच्या पेठेमागं आण्णाप्पा मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्री सीमेकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा, शांत माणूस. सुबरावांनी नव्या क्रॉसची डबी उघडून आधी वास घेतला.

"हळदीचा वास येतोय. हितं कायतरी गोम हाय."

"इथं सगळ्यालाच येतोय की ओ," मिस्त्री म्हणाला. "माझ्या लग्नाच्या फोटोला पण येतोय."

क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि टोप्यांत बारीक सुया असतात. सुबरावांनी वर्तमानपत्र पसरून त्या सगळ्या बाहेर काढल्या आणि टोपीटोपीनं मोजल्या. तीन टोप्यांत सारख्या भरल्या, चौथीत एक कमी. सुबराव सावकाश उठले आणि गॅरेजच्या दारात आडवे उभे राहिले. आता कुणी बाहेर जाणार नव्हतं.

मिस्त्री त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला. मग त्यांचा हात धरून कोपर वर केलं. कोपराला लागलेल्या ग्रीसमध्ये सुई चिकटलेली होती.

"सायेब," तो मला म्हणाला, "चोर सापडला बघा."

मी हसलो, मिस्त्री हसला. सुबराव हसले नाहीत. त्यांनी सुई पुसून टोपीत बसवली, मिस्त्रीबरोबर जीपखाली जाऊन शेवटचे नट स्वतः आवळले आणि घरून आणलेला हॉर्नही जागेवर बसवला. परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी विट्यापर्यंत उगाचच चार-पाचदा हॉर्न वाजवला.

पुढं महिन्याभरानं एका लांबच्या वस्तीवरून निरोप आला की म्हैस अडलीय. भर दुपारी निघालो. वाटेतला वाळूचा ओढा जीप चारी चाकांनी तुडवत गेली. वस्तीवर एक म्हातारी एकटीच होती. पारडू आडवं आलेलं, म्हैस थकलेली, आणि म्हातारी मोठमोठ्यानं रडत होती. मी बाह्या वर केल्या आणि म्हटलं, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

सुबराव गरम पाण्याची बादली घेऊन आत येत होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"न्हाई सायब. म्हातारीला आतच ऱ्हाऊ द्या."

"अहो, ती रडतेय, म्हैस बिथरेल."

"ऱ्हाऊ द्या म्हनतो न्हवं!" इतक्या चढ्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग आवाज एकदम खाली आला. "आमच्या हिला आपरेशनला आत नेली, तवा मला भाईर बसा म्हनले. मी बसलो. लय वेळ बसलो. मग एकजन आला आन तिचं लुगडं हातात दिलं."

एवढे दिवस या माणसाशेजारी बसून मी जिल्हा फिरलो होतो, आणि त्यांना बायको होती हेदेखील मला ठाऊक नव्हतं. मी बाजूला सरकलो.

सुबरावांनी म्हातारीला दंडाला धरून म्हशीच्या तोंडापाशी बसवलं. तिचा तळवा म्हशीच्या कपाळावर ठेवला. "आवं आजी, रडू नगा, बोला तिच्यासंगं. तुमचा आवाज वळखती ती." आणि ते स्वतः गोठ्याबाहेर निघून गेले.

म्हातारी बोलत राहिली. काय काय बोलली देव जाणे, पण म्हैस शांत उभी राहिली. पारडू हाताला लागलं, वळलं आणि शेवटी जिवंत बाहेर आलं.

हात धुऊन मी बाहेर आलो. सुबराव बाभळीखाली गोठ्याकडं पाठ करून उभे होते, टोपी हातात.

"रेडी झाली," मी म्हटलं. "दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "आन म्हातारी?"

"आत आहे. अजून म्हशीशीच बोलतेय."

"बोलू द्या," ते म्हणाले. "आपल्याला काय घाई न्हाई."

मग आम्ही दोघं त्या बाभळीच्या विरळ सावलीत खाली बसलो.