चौथ्या दुरुस्तीचे पैसे

आमच्या शेजारचे पास्कलकाका केकवर नुसतं नाव लिहून द्यायचं असलं तरी आधी कोटेशन देतात. कागदावर, खाली अटी-शर्तींसकट.

काका चित्रकार. नोकरी कधी केली नाही. सातिवलीच्या कारखान्यांना फरसाणाच्या पाकिटांची चित्रं करून दे, मुलांच्या पुस्तकांना रंगवून दे, असं चालतं. जुन्या वसईतल्या त्यांच्या गावात म्हणे लोकांनी 'तू आपला घरचाच' म्हणत तीस वर्षं फुकट रंगवून घेतलं. मग एक दिवस काका बिथरले. "कलाकाराला भूक लागत नाही असं लोकांना वाटतं," ते म्हणतात. तेव्हापासून त्यांचं पालुपद एकच, "कागद होऊ दे."

सोसायटीच्या गेटवरची पाटी त्यांनीच रंगवली. अट क्रमांक सहा : काम चालू असताना पाठीमागे उभं राहून 'जरा डावीकडे' म्हणू नये. चेअरमन तरीही म्हणाले. बिलात एक ओळ वाढली, 'सूचना : दोनशे रुपये.' चेअरमननी निमूट दिले.

घरात काका एकटेच. रिटाकाकू जाऊन चार वर्षं झाली. जेवायच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक म्हणजे ऑफिस, आणि स्वयंपाकघराकडचं टोक म्हणजे घर. एक वाजला की खुर्ची उचलून इकडून तिकडे. घराच्या टोकाला बसलेले असताना कामाचं विचारलं तर सांगतात, "मी आत्ता घरी आहे. ऑफिसात या."

सगळ्यात कडक नियम दुरुस्त्यांचा. गिऱ्हाइकाला तीन दुरुस्त्या फुकट, चौथीला पैसे. हा नियम कुणालाही सुटत नाही. एकदा मी त्यांच्याकडे चहा प्यायले. साखर कमी वाटली म्हणून सांगितलं, तर आणून घातली. मग जास्त झाली म्हटल्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ही दुसरी दुरुस्ती. एक राहिली."

अशा माणसाला माझ्या आईने बाबांचं चित्र काढायला सांगितलं. मी शाळेत असताना बाबा गेले. पुढे तळमजल्यावरच्या जुन्या घरात पाणी शिरलं, त्यात फोटो गेले. उरला तो कुणाच्या तरी लग्नातला, दहा जणांतला, आणि त्यात नेमके बाबांचे डोळे मिटलेले. म्हणजे डोळे आईने सांगायचे आणि काकांनी काढायचे. कागद झाला : अर्धे पैसे आगाऊ, तीन दुरुस्त्या, पसंतीची सही झाली की उरलेले अर्धे.

दर गुरुवारी चार वाजता काका चित्र घेऊन येऊ लागले. खुर्चीत चित्र टेकवायचं आणि समोर दोघांनी बसायचं. पहिल्या खेपेला आई म्हणाली, "डोळ्यांत जरा हसू हवं रे. पापलेट आणायचे हौसेने, साफ माझ्याकडून करून घ्यायचे आणि वर असे बघायचे." दुसऱ्या खेपेला भुवया, तिसऱ्या खेपेला हनुवटी. चौथ्या गुरुवारी आईने कपाळात चूक काढली आणि मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मुकाट वहीत लिहून घेतलं. असे नऊ गुरुवार झाले. आई सही करेना.

मला लाज वाटायला लागली. पैसे घेऊन मी त्यांच्याकडे गेले. काका ऑफिसात होते.

"काका, सहा जादा दुरुस्त्या झाल्या. बिल करा."

काका उठले, खुर्ची उचलून घराच्या टोकाला नेली आणि तिथे बसले.

"हे ऑफिसात बोलता येणार नाही," ते म्हणाले. "तिसऱ्या दुरुस्तीनंतर मी त्या चित्राला ब्रश लावलेला नाही. तेच घेऊन येतो, तेच परत नेतो."

"मग आई चुका कशा काढते?"

"मावशींना चुका काढायच्याच नाहीत. त्यांना तुझ्या बाबांबद्दल बोलायचं असतं. आणि रिटा गेल्यापासून मला समोर बसवून कोणी काही सांगत नाही गं." मग म्हणाले, "सही झाली की काम संपलं. मग मी कुठल्या कारणाने येऊ? त्यांना सांगू नकोस."

मी पैसे तसेच घेऊन घरी आले. आई भाजी निवडत होती.

"आई, सही का करत नाहीस? त्यांचे अर्धे पैसे अडकलेत."

आईने डाळीच्या डब्यामागून एक पाकीट काढून दाखवलं. "पैसे केव्हाच काढून ठेवलेत. चित्र तिसऱ्या दुरुस्तीतच हुबेहूब झालं होतं. मी रडले नाही का त्या दिवशी? पण तो पडला नियमाचा माणूस. सही केली की यायचा बंद होईल. इथे येतो तेव्हा दोन बिस्किटं तरी खातो. घरी कोण आहे त्याला?" मग दरडावून म्हणाली, "त्याला बोलू नकोस हो."

मी दोघांनाही शब्द दिला आहे.

गुरुवारी चार वाजता बेल वाजली. बाबा खुर्चीत टेकले, हसऱ्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत. आईने चष्मा पुसून लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पास्कल, डावा कान जरा लहान वाटतो रे."

काकांनी वही काढली आणि गंभीरपणे लिहून घेतलं, 'डावा कान.' मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.