गौरीपुढे उतरलेलं यान

मेहुण्याने दिलेलं खोकं वेणीमाधवांनी सरळ माळ्यावर टाकलं असतं, तर त्यांचे ते पंधरा दिवस सुखात गेले असते. पण त्यांनी ते उघडलं.

शकुंतलाबाईंचा भाऊ एकनाथ बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर सोलापूरला आला की परदेशातली काहीतरी वस्तू आणायचा. या खेपेला त्याने चंद्रावर जाणाऱ्या यानाचं मॉडेल आणलं. म्हणजे आत यान नव्हतंच, यानाचे तुकडे होते. वेलीला शेंगा लोंबाव्यात तसे प्लॅस्टिकच्या काड्यांना लोंबणारे पांढरेशुभ्र तुकडे, चिकटवायची एक ट्यूब आणि घडी घातलेला इंग्रजी कागद.

"जमेल का दाजी तुम्हाला?" एकनाथने आपलं सहज विचारलं.

पाटबंधारे खात्यातल्या हेडक्लार्कला असं कुणी विचारत नसतं. "साहेबांचं सगळं इंग्रजी ड्राफ्टिंग कोण करतं?" वेणीमाधव म्हणाले. (ड्राफ्टिंगचा आणि चिकटवण्याचा संबंध काय, हे एकनाथने विचारलं नाही. तो दुसऱ्या दिवशी बोटीवर परत जायचा होता.)

"इस्त्री दुरुस्त केलीत तसंच ना?" स्वयंपाकघरातून शकुंतलाबाईंचा आवाज आला.

इस्त्री दुरुस्त झाली होती. फक्त तापत नव्हती.

त्या दिवसापासून वेणीमाधव ऑफिसातून आले की चहा घेऊन थेट व्हरांड्यात सतरंजीवर बसत. ट्यूबमधला पदार्थ भलताच कर्तबगार होता. एक पंख यानाला चिकटण्याआधी त्यांच्या बनियनला चिकटला. इंग्रजी कागद सतरंजीला असा बसला की पुढच्या सूचना त्यांना पालथं पडून वाचाव्या लागल्या. पण माणूस हटला नाही. एके संध्याकाळी शेवटचं टोक बसलं, आणि दीड हात उंचीचं, ताठ, पांढरं यान व्हरांड्यात उभं राहिलं. वेणीमाधव दोन पावलं मागे सरकले आणि त्यांचा ऊर भरून आला. आयुष्यात त्यांच्या हातून पहिल्यांदाच एखादी वस्तू सरळ उभी राहिली होती.

"आणि हे कोण?" शकुंतलाबाईंनी खोक्यातून तीन इवलीशी माणसं काढली.

वेणीमाधवांनी यानाकडे पाहिलं. ते चारी बाजूंनी पक्कं बंद झालं होतं.

"ते... निरोप द्यायला आलेत," ते म्हणाले.

तरीही शकुंतलाबाई बराच वेळ यानाकडे बघत राहिल्या. "दिसतंय मात्र देखणं," त्या म्हणाल्या. वेणीमाधवांना तेवढं पुरे होतं. तेवढ्यावर थांबले असते तरीही चाललं असतं.

पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. गेल्या वर्षी शेजारच्या मथुराबाईंनी सलाईनच्या नळीचं कारंजं करून आराशीत बाजी मारली होती. (त्यांचे यजमान कंपाउंडर.) शकुंतलाबाईंच्या कलिंगडाच्या कमळाकडे मग कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते दुःख त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण वर्षभर घरात कलिंगड आलं नव्हतं.

"यंदा गौरीपुढे यान ठेवू," वेणीमाधव म्हणाले. "आतून दिवा लावून! खिडक्याखिडक्यांतून उजेड!"

"गौरीपुढे रॉकेट? बायका हसतील हो."

"कारंज्याला हसल्या का?"

शकुंतलाबाईंनी यानाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दिवा नीट लागेल ना?"

आधी वेणीमाधवांनी यानाचं बूड कापून आत बॅटरीचा बल्ब लावून पाहिला. सोलापूरचं ऊन संध्याकाळीसुद्धा एवढं लख्ख की दिवा लागलाय की नाही हे वाकून बघावं लागे. मग त्यांनी आत होल्डर बसवला आणि घरातला साठचा बल्ब लावला. बटण दाबलं, यान आतून सोन्यासारखं उजळलं. बटण बंद केलं. चाचणी यशस्वी. (ही चाचणी जेमतेम एक मिनिट चालली. हळदीकुंकू त्यापेक्षा जास्त वेळ चालतं, हा विचार त्यांना शिवला नाही.)

हळदीकुंकवाच्या दिवशी गौर झोपाळ्यात बसली. खाली पायऱ्यांवर करंज्या, हरभरे, कलिंगडाचं कमळ, गव्हाच्या राशीवर ते तीन निरोप्ये आणि मधोमध झगझगीत यान. पुरुषमाणसाचं तिथे काम नव्हतं, पण बटणाची जबाबदारी म्हणून वेणीमाधव दाराशी उभे राहिले. शकुंतलाबाई ओट्या भरण्यात गुंतल्या तेव्हा त्यांनी पन्ह्याचा ट्रेही हातात घेतला आणि पेले वाटत पार आतपर्यंत गेले.

बायका येत होत्या आणि बघतच राहत होत्या. मथुराबाई आल्या, यानाकडे पाहून पन्ह्याचा पेला तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. वेणीमाधवांना वाटलं, साहेबांनी एकदा इथे यायला हवं होतं.

इतक्यात दूधवाल्या गोजरबाई पुढे झाल्या. म्हातारीची नजर तीक्ष्ण.

"आगं शकुंतलाबाई," त्या म्हणाल्या, "ह्ये वाकाय लागलंय की!"

वेणीमाधवांनी पाहिलं. यानाचं टोक, ज्याच्यासाठी त्यांनी एक अख्खा रविवार घालवला होता, हळूच एका बाजूला कलत होतं. कमरेपाशी पोट सुटलं होतं. झालं! सगळ्या पेठेसमोर इस्त्रीचीच गत. बटणाकडे जायचं तर मध्ये पंधरावीस बायका. त्यांनी तोंड उघडलं, "त्याचं असं आहे, तो साठचा बल्ब..."

"उतरतंय ते," शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या.

सगळ्या माना यानाकडून शकुंतलाबाईंकडे वळल्या.

"उतरतंय?" मथुराबाई.

"चंद्रावर. जाताना सरळ जातं, उतरताना वाकतं. ह्यांनी मुद्दाम तसं केलंय. सावकाश उतरतं, घाई नाही." आणि त्यांनी पुढचीची ओटी भरायला घेतली.

"आगं बया!" गोजरबाईंनी हात जोडले. "लई डोकं लावलंय की!"

मग काय विचारता! सगळ्या बायका खाली बसल्या. यानाचा डावा पंख ओघळला तेव्हा "गेलं, गेलं!" असा गलका झाला. मथुराबाई धावत जाऊन दोन शेजारणींना हाताला धरून घेऊन आल्या. वेणीमाधव कसेबसे बायकोपाशी पोचले आणि कुजबुजले, "अगं, वितळतंय ते! बटण बंद करतो."

"हात लावाल तर बघा," शकुंतलाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "वितळू दे नीट. मध्येच थांबलं तर बरं दिसायचं नाही."

शेवटी यानाने गव्हाच्या राशीवर हलकेच अंग टाकलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वेणीमाधवांनी बटण बंद केलं आणि मान किंचित लववली. आता त्यांना स्वतःलाच वाटू लागलं होतं की हे आपण मुद्दामच केलं असावं.

"कारंजं काय, नुसतं वर उडतं," जाताना मथुराबाई म्हणाल्या. शकुंतलाबाईंनी त्यांच्या ओटीत आणखी एक मूठ हरभरे घातले. रात्रीच्या जेवणात त्यांनी नवऱ्याच्या पानात आंब्याची डाळ न मागता दुसऱ्यांदा वाढली, आणि म्हणाल्या, "ताठ उभं होतं तेव्हा खरंच छान दिसत होतं हो." वेणीमाधवांना लग्नानंतर डाळ कधी एवढी गोड लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतून चालताना त्यांची मान काही खाली येईना. यानाची बातमी पेठभर झाली होती. कापडाच्या दुकानापाशी दोन बायका त्यांच्याकडे बघून कुजबुजल्या. वेणीमाधवांनी चाल मंद केली, टोपी सारखी केली.

त्यातल्या एक ठसठशीत बाई पुढे आल्या. "तुमीच न्हवं का ते? काल यान उतरलं त्या घरातले?"

"हो," वेणीमाधव विनयाने म्हणाले. "मीच तो."

"म्हटलं वळखलं की!" बाई खूश झाल्या. "शुक्रवारी आमच्याकडं हळदीकुंकू हाय. पन्हं वाटाय मोकळे हाय का तुमी?"