समुद्राचा सातवा तुकडा

इस्त्रीचा जाड प्लग बसेल अशी जागा घरात एकच, आणि तिथेच लेकाने समुद्र आणून लावला होता. समुद्र म्हणजे एक काळं खोकं. दिवसभर घूं घूं करायचं, पण विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही. थेट बापावर गेलंय, असं आई म्हणायची.

लेक लाटांच्या कचेरीत होता. उद्या लाटा केवढ्या उठतील ते बंदराला कळवायचं काम. पूर्वी एकच यंत्र सगळा हिशोब करायचं, दुपारभर रखडायचं, आणि ते रखडलं की लेक घरी जेवायला यायचा. मग त्याला अक्कल सुचली. त्याने समुद्राचे बारा तुकडे केले, बारा यंत्रांना वाटून दिले. कचेरीत जागा नाही म्हणून ती बारा जणांच्या घरी बसवली. सातवा तुकडा आईच्या वाट्याला आला. सगळी यंत्रं एकदम कामाला लागली; पाच तासांचं काम अर्ध्या तासात. उरलेल्या वेळात आणखी लांबचा समुद्र. जेवायला यायचं कारणच संपलं.

आईने आठ दिवस एकटीने जेवून पाहिलं. नवव्या दिवशी समुद्राचा प्लग काढला आणि चादरीला इस्त्री केली.

दहा मिनिटांत लेक दारात, धापा टाकत.

"आई, प्लग कुणी काढला?"

"घरात मी आणि झुरळं. झुरळं इस्त्री करत नाहीत."

"अगं, बाराही यंत्रं अडली. प्रत्येकाला शेजारच्याला विचारावं लागतं, तुझ्याकडून माझ्याकडे केवढी लाट येतेय. त्याने सांगितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही."

"म्हणजे मी बसले की सगळे बसले."

"हो."

"बरं झालं. आलायस तर जेव."

दुसऱ्या दिवशी उशांचे अभ्रे निघाले, तिसऱ्या दिवशी पडदे, चौथ्या दिवशी चक्क फडकी. चाळीस होड्या अंदाजाची वाट बघत बंदरात बांधून पडल्या. संध्याकाळी लेक आला तो मान खाली घालून.

"साहेब म्हणाले, तुझ्या घरामुळे आणखी एकदा उशीर झाला तर लांबच्या दीपगृहावर बदली."

तिथून तो वर्षातून एकदा आला तरी पुष्कळ. आईने इस्त्री कपाटावर टाकली, पुन्हा आपलाच हात पोचू नये इतकी आत.

पाचव्या दिवशी ती खोक्यासमोर ताट घेऊन बसली. "आज कशी आहे लाट?" तिने विचारलं. घूं. दोन घास झाले आणि खोकं गप्प झालं. पाठोपाठ लेक दारात.

"आई, आज पुन्हा?"

"बघ की. हातसुद्धा लावला नाही."

प्लग जागच्या जागी होता. लेक उलट्या पावली पळाला. ताट वाढायला उठलेली आई तशीच उभी राहिली.

अर्ध्या तासाने फोन आला.

"सापडलं. साहेबांच्या घरचं यंत्र. वडिलांनी दाढीचं मशीन लावायला प्लग काढला. एकटेच असतात दिवसभर."

"झापलं असेल साहेबांनी म्हाताऱ्याला."

"छे. साहेब तिथेच जेवायला बसलेत."

"प्लग लावून बसायचं की मग."

"वडील म्हणतात, अर्धी दाढी राहिलीय, आधी जेवू. तोवर आमचं सगळं ठप्प. निघालोय मी, पान वाढ."

आईने पदराने डोळे टिपले, आवाज मात्र नेहमीचाच ठेवला.

"साहेबांच्या वडिलांना निरोप दे. दाढी घाईने करू नका म्हणावं. कापतं."