शंभर केबीचे अण्णा

बुधवारी दुपारी चहाचा कप बशीत ठेवत गुरुसिद्धप्पा अण्णांनी जाहीर केलं, की सोलापूर जिल्ह्यात शिस्तीत चालणारी एकच गोष्ट आता उरली आहे आणि ती म्हणजे त्यांची यादी.

"वीस वर्षांत एक फोटो मापाबाहेर जाऊ दिला नाही," ते म्हणाले. "एक."

यादी म्हणजे काडेपेट्यांवरचे छाप जमवणाऱ्या त्रेचाळीस माणसांची ई-मेलची यादी. होटगी स्टेशनातून निवृत्त झाल्यावर अण्णांनीच ती सुरू केली होती. सगळं जग व्हॉट्सॲपवर गेलं तरी ही मंडळी ई-मेलवरच बसून राहिली, कारण अण्णांच्या मते व्हॉट्सॲप म्हणजे आठवड्याचा बाजार आणि ई-मेल म्हणजे टपाल. यादीला चौदा नियम होते. फोटो शंभर केबीच्या आत असावा. एका मेलला एकच फोटो. छापाच्या कडांशी नीट कापून घ्यावा. टेबल, चादर, हात, पाय, घरातली माणसं यांतलं काही दिसू नये. मूळ मोठा फोटो मागितल्याशिवाय पाठवू नये. यादीचं बोलणं यादीतच करावं, नियंत्रकाला फोन करून गळ घालू नये. मापाबाहेरचा फोटो पाठवणारा पंधरा दिवस यादीबाहेर. बाकीच्या चुकांना तीन ताकिदी. नियंत्रक अर्थातच अण्णा.

त्या दिवशी अक्कलकोटच्या सिद्धलिंगनं मोराच्या छापाचा फोटो पाठवला होता आणि त्याच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आला होता. अण्णा दुसरी ताकीद लिहीत होते.

त्यांची मुलगी श्रीदेवी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती आणि घरी जाताना रोज अर्धा तास वडिलांकडे थांबायची. ती म्हणाली, "अण्णा, अंगठाच तर आहे."

"आज अंगठा आहे. उद्या कोपर येईल. परवा हा माणूस सहकुटुंब येऊन बसेल."

"पण आता सगळ्यांकडे वेगवान इंटरनेट आहे. शंभर केबी कशाला?"

"दार मोठं आहे म्हणून बैलगाडीसकट घरात यायचं का?"

ती हसली. कप विसळून पालथा घातला आणि "येते" म्हणाली. अण्णांनी मान वर न करता "हं" म्हटलं, कारण अंगठ्याचा परिच्छेद रंगात आला होता. गुरुवारी पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

नातेवाइकांना फोन चुलतभाऊ नंदीशनं केले. श्रीदेवीकडे एकच काम आलं, पेपरात द्यायचा मजकूर. तिच्याइतकं योग्य माणूस सापडलं नसतं. गेली अठरा वर्षं कॉलेजचे शोकठराव तीच लिहीत होती. ज्यांना कधी पाहिलं नाही अशा विश्वस्तांनाही तिनं दोन-दोन परिच्छेदांत हळहळून दाखवलं होतं. आता मात्र 'अण्णा' एवढं लिहून झालं की पुढचं क्रियापद गावाला गेल्यासारखं परतच येईना. मजकूर गेला नाही. तोंडानंही ते वाक्य तिनं अजून एकदाही उच्चारलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना आधीच माहीत असायचं. ती मान हलवायची, तेवढ्यावर भागत होतं.

शिवगणाराधना, म्हणजे दिवसकार्याचं जेवण, पुढच्या रविवारी, अकराव्या दिवशी होतं. दोनशे माणसं जेवायला येणार होती.

"भिंतीवर फोटो पायजे," सुंदरम्मा आत्या म्हणाल्या. अण्णांची ही धाकटी बहीण दुःखातसुद्धा यादी करणारी होती. "मोठा. दारातनं वळखला पायजे. न्हायतर लोक जेवून जातील आन इचारतील, कुणाचं होतं म्हणून."

श्रीदेवीनं अण्णांच्या कॉम्प्युटरवरचा एक फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि दिग्विजयच्या स्टुडिओत गेली. दिग्विजयनं तो पडद्यावर उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला आणि चष्मा पुसला.

"ताई, ह्यात चेहरा न्हाय. चौकोन हायत."

"म्हणजे?"

"ह्यो डावा डोळा चार चौकोनांत संपला. मिशा दोन चौकोन. ह्यो मोठा करून भिंतीला लावला तर सोलापुरी चादर टांगलीय असं वाटंल. दुसरा आना की."

दुसरा आणला, तिसरा आणला. सगळे तसेच. घरी येऊन तिनं शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. अण्णांनी गेल्या पंधरा वर्षांतले घरचे झाडून सगळे फोटो नियमात बसवले होते. नातवंडांचे गंभीर चेहऱ्यांनी पार पडलेले वाढदिवस, आत्यांची साठी, श्रीदेवीच्या फोनमधले 'जरा नीट लावून देतो' म्हणून घेतलेले फोटो, सगळं शंभर केबीच्या आत आणि मूळ फोटो पुसून जागा मोकळी. कागदावरचा एकच सापडला, रेल्वेत लागतानाचा. त्यातला अठ्ठावीस वर्षांचा मिशीवाला तरुण पाहून आत्या म्हणाल्या, "ह्याला बघून लोक मुलगी सांगून येतील."

तेव्हा श्रीदेवीला वैरागचा मेळावा आठवला. जानेवारीत यादीतली तीस माणसं महादेवप्पांच्या घरी जमली होती आणि दर दोन मिनिटांना अण्णांचे फोटो काढत होती. कुणाकडे तरी मूळ फोटो असणारच. यादीत फक्त सभासदांचीच मेल जाते, म्हणून ती अण्णांच्या खात्यातून लिहायला बसली. आधी ते वाक्य लिहायचं ठरवलं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी मेल गेली ती अशी:

'नमस्कार. वैरागच्या मेळाव्यातला अण्णांचा फोटो हवा आहे. मूळ आकारातला पाठवावा, लहान करू नये. शनिवारी सकाळपर्यंत मिळाल्यास उपकार होतील. अण्णा यापुढे यादीचं काम पाहू शकणार नाहीत. श्रीदेवी.'

पाचव्या मिनिटाला वैरागहून महादेवप्पांचं उत्तर आलं. 'अण्णा, परीक्षा ओळखली. आम्ही काय काल आलेले सभासद आहोत काय? सोबत फोटो, अठ्ठ्याण्णव केबी.'

दहाव्या मिनिटाला सिद्धलिंग. 'अण्णा, एका अंगठ्यासाठी एवढं टोकाला जाऊ नका. मी आता छाप चिमट्यानं धरतो. काम सोडतो म्हणू नका. सोबत फोटो, एकाहत्तर केबी.'

एकाहत्तर केबी पाहून चढाओढ लागली. कुणी साठ पाठवले, कुणी चाळीस. बार्शीच्या एका सभासदानं पाठवलेल्या बावीस केबीच्या फोटोत अण्णा होते की दारामागची छत्री, हे आत्यांनाही सांगता आलं नाही. दोघांनी नियमाप्रमाणे कडा कापून फोटो पाठवले: मेळाव्यात अण्णांनी हातात धरलेला वाघाचा छाप उत्तम आला होता, त्याच्या मागचे अण्णा तेवढे गळ्यापासून वर काढून टाकले होते. एकानं आठवण दिली की विषयाच्या ओळीत अनुक्रमांक नाही. दुसऱ्यानं त्याला आठवण दिली की ही आठवण खासगीत द्यायला हवी होती. ते दोघे त्यानंतर एकमेकांना सहा मेल आठवणी देत राहिले.

श्रीदेवीनं पुन्हा लिहिलं. 'ही परीक्षा नाही. मोठा फोटो खरोखर हवा आहे.'

उत्तर आलं, 'परीक्षा नाही असं परीक्षेतच सांगतात.'

सगळ्या यादीत एकच माणूस धीराचा निघाला, माळशिरसचा पृथ्वीराज. शुक्रवारी दुपारी त्यानं मूळ फोटो पाठवला. नऊ एमबी. तो यादीवर पोचलाच नाही. दुय्यम नियंत्रक प्रभुलिंग यांनी तो वाटेतच अडवला, पृथ्वीराजला पंधरा दिवस बाहेर काढलं आणि जाहीर केलं, 'अण्णा रागावून बाजूला झाले, तरी यादी वाऱ्यावर नाही.'

अडवलेला फोटो सोडणं फक्त अडवणाऱ्याच्या हाती होतं आणि रुसलेला पृथ्वीराज उत्तर देईना, म्हणून श्रीदेवीनं प्रभुलिंगना खासगीत विनंती केली. त्यांचं उत्तर शांत होतं. 'अण्णा, मला नेमताना तुम्हीच सांगितलं होतं, मी स्वतः मागितलं तरी सोडायचं नाही. श्रीदेवीच्या नावानं लिहून काय उपयोग? एवढं मोजूनमापून लिहिणारं माणूस या जिल्ह्यात एकच आहे. ओळ वाचली की कळतं.'

श्रीदेवीनं आपलीच मेल उघडून पुन्हा एकदा वाचली.

शनिवारी सकाळी दिग्विजयचा निरोप आला: बारापर्यंत फोटो आला तर छापून, चौकट लावून मिळेल, नंतर तो लग्नाला जाणार. साडेदहा वाजले होते. श्रीदेवीनं यादीच्या वार्षिक पुस्तिकेतून प्रभुलिंगचा नंबर काढला आणि नियम मोडून फोन लावला.

"नमस्कार. मी श्रीदेवी, गुरुसिद्धप्पांची मुलगी."

पलीकडून अदबीचा आवाज आला. "अक्का, म्हंजे तुमी खऱ्या हाय की."

"हो. तो नऊ एमबीचा फोटो सोडा, एवढंच सांगायचं होतं."

"अण्णांला फोन द्या. ते तोंडानं म्हटले तर बघू."

"ते फोनवर येऊ शकत नाहीत."

"व्हय, रागावलेत. शेजारीच बसून ऐकायलेत, मला ठाव हाय. तुमी एक करा अक्का, फोन टेबलावर ठिवा आन आवाज मोठा करा. दोन मिंटं."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं आवाज मोठा केला. फोन कीबोर्डशेजारी ठेवला. समोर अण्णांची रिकामी खुर्ची होती.

"अण्णा," प्रभुलिंग खाकरून म्हणाले, "तुमी आडवू नका, बोलू द्या. माझी बायको गेली तवा सा म्हैने मी घराभाईर पडलो न्हाई. तुमी काय भेटाय आला न्हाई. पर रोज सकाळी सातला एक मेल यायचा तुमचा. ह्यो छाप कुठल्या सालचा, सांगा. ह्याच्या कडा नीट कापून धाडा. मी रोज एक कापत बसायचो. तेवढ्यासाठी उठायचो, अण्णा. आता तुमी म्हनता काम सोडलं. मग आमी कुनासाठी कडा कापायच्या? शंभर केबी जास्त होत असतील तर ऐंशी करा. पर याद्या अशा टाकून जाऊ नये मानसानं."

स्वयंपाकघराच्या दारात सुंदरम्मा आत्या उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"अण्णा? ऐकताय न्हवं?"

श्रीदेवीनं फोन उचलून कानाला लावला.

"प्रभुलिंगमामा," ती म्हणाली, "अण्णा वारले. गेल्या आठवड्यात, गुरुवारी पहाटे. मला आधीच सांगायला हवं होतं. मला ते म्हणता येत नव्हतं."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग प्रभुलिंग म्हणाले, "सोडतो, अक्का," आणि फोन बंद झाला.

तासाभरानं फोटो आला. तिनं तो उघडला तेव्हा पडद्यावर अण्णा नव्हतेच. अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरनं इतका मोठा फोटो कधी पाहिलाच नव्हता. त्यानं भांबावून मधलाच एक तुकडा पडदाभर पसरला होता. त्यात फक्त एक कान होता. परातीएवढा. त्यावरचे पांढरे केस एकेक मोजता आले असते. पाळीपाशी सकाळच्या विभूतीचा एक कण राहून गेला होता.

मागून आत्या म्हणाल्या, "आगं, चेहरा कुटं हाय? बारा वाजायला आले."

"आहे, आत्या. खाली-वर करावं लागेल."

तिनं माऊसवर हात ठेवला, पण लगेच सरकवला नाही. छत्तीस वर्षांपूर्वी आजोळी सुट्टीला गेली होती तेव्हा अण्णांना सांगायचं एक वाक्य मनातच ठेवून तिनं पत्रात अभ्यासाबद्दल लिहिलं होतं. लग्न होऊन निघाली तेव्हाही तेच वाक्य ठेवून गॅसच्या नंबराबद्दल सांगितलं होतं. ती खुर्ची ओढून कानाच्या अगदी जवळ सरकली.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमच्याशिवाय मला करमत नाही."