सतरा नंबरचं झाड

सेतुमामांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या उंचीचा. बँकेतल्या बदलीवर मी कुंभकोणमला आले होते आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला गेले होते. नाव नाही, गाव नाही, डोळे बारीक करून म्हणाले, "चार फूट अकरा?"

मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "साडेअकरा."

त्यांनी खेदाने मान हलवली. "तरी उपयोग नाहीं, अम्मा. आमचें सॅटेलाइट तुज भूमी म्हणूनच धरील."

एवढ्या अपमानानंतरही मी ती जागा घेतली, कारण नळाला दोन्ही वेळ पाणी होतं.

मामा सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले; तिथे सगळे त्यांना राव म्हणायचे. घराणं तंजावूरकडचं मराठी. त्यांच्या घरात जी मराठी बोलतात ती ऐकून मला पहिले काही दिवस वाटायचं, आपण जुन्या दस्तऐवजात भाड्याने राहतोय. उंबऱ्याबाहेर पाय पडला की मात्र मामा तमिळ. त्यांची भाची पद्मा बंगळूरला एका संशोधन संस्थेत आहे. मामा निवृत्त झाले आणि कमलामामींच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला लागले, तेव्हा मामींनीच पद्माला फोन केला की यांना काहीतरी काम दे, नाहीतर मला तिकडे बोलावून घे.

पद्माने काम दिलं ते असं. आकाशातून एक यंत्र पृथ्वीवर लेझरचे ठिपके टाकत जातं. एकेक ठिपका पंचवीस मीटर रुंद. त्यातला थोडा उजेड झाडाच्या शेंड्यावरून परत येतो, थोडा खालच्या जमिनीवरून, आणि या दोहोंतलं अंतर म्हणजे झाडाची उंची. संगणकावर त्याची एक रेघ उमटते, उंटाच्या पाठीसारखी, दोन उंचवट्यांची. वरचा उंचवटा पानांचा, खालचा जमिनीचा. झुडूप बुटकं असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काहीच कळत नाही. माझं जे झालं ते हेच. जन्मभर भाताची ओली शेतं मोजलेला हा माणूस आता जेवणाच्या टेबलाशी बसून टांझानियातल्या सव्हानाच्या रेघा तपासायचा.

त्यांचं पालुपद एकच. "भूमी कोठें आहे, तें आधीं सांग." खालचा उंचवटा नक्की केल्याशिवाय वरची उंची सांगायची नाही, हा कामाचा नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. मामी सांगायला लागल्या की तिरुविडैमरुदूरच्या अमक्याचं ठरलेलं लग्न मोडलं, की मामा, "भूमी?" म्हणजे कोणी सांगितलं, कोणी पाहिलं. मामी म्हणायच्या, "भूमी राहूं दे, सांबार निवतें."

एकदा त्यांच्याकडे जेवताना मी सहज म्हटलं की आमच्या सांगोल्याकडे असाच माळ आहे, गवत आणि मध्येच एखादी बाभूळ, एखादा हिवर. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात. मामांचा घास हातातच राहिला. "तूं सव्हानाची आहेस?" त्या दिवसापासून माझा भाव वधारला. बाभूळ किती उंच, गवत गुडघ्याला लागतं की कमरेला, असे प्रश्न जिन्यात गाठून विचारायचे. गवत कुणाच्या कमरेला, हे मी विचारलं नाही.

त्यांना टांझानियातला तो माळ एकदा डोळ्यांनी बघायचा होता. पद्माची मंडळी उन्हाळ्यात टांझानियाला जाणार होती आणि तपासनिसांसाठी एक जागा होती. ज्याची यादी जमिनीवरच्या पडताळणीत बिनचूक उतरेल तो जाणार. मामांनी पासपोर्ट काढला. बूट घेतले आणि ते गच्चीवर घालून, पाण्याची बाटली खांद्याला लटकवून सकाळी शंभर फेऱ्या मारू लागले. खाली माझ्या छतावर ढबढब, आणि त्याखाली मामी पुळियोदरै भातासाठी चिंचेचं पुळीकाचल परतताहेत, कारण आफ्रिकेत माणूस खाणार काय.

पडताळणी करायची ती जुमाने. जुमा तिकडचा माणूस. मामांनी म्हणायचं, या ठिपक्यात झाड आहे, एवढं उंच. जुमाने गाडीचा रस्ता संपला की पुढे चालत जाऊन बघायचं, एक कागद भरायचा आणि फोटो काढायचा. सोळा ठिपके बरोबर आले. सतराव्याला मामांनी पाच मीटरचं झाड सांगितलं होतं. जुमाचा कागद आला, "झाड नाही. गवत आहे. बसलो, जेवलो, परत आलो."

आठवडाभर घरात सुतक असल्यासारखं वातावरण. आठव्या दिवशी मामा जिना चढून वर आले आणि शांतपणे म्हणाले, "जिराफ."

म्हणजे असं की, लेझर पडला त्या क्षणी तिथे जिराफ उभा असणार. पाच मीटर. जुमा पोचेपर्यंत निघून गेला. पुढचे पंधरा दिवस कुंभकोणमला दुसरा विषय नव्हता. जवळच्या गोविंदपुरम्ला देवळात भजनानंतर प्रसादाच्या रांगेत दोन तट पडले. एकाने विचारलं, जिराफ इतका वेळ स्थिर उभा राहील का. मामांनी त्याच्याकडे कणवेने पाहिलं. "लेझरला वेळ लागत नाही हो. जिराफाची पापणीही हलायची नाही." दुसऱ्याने विचारलं, जिराफ तर सडपातळ, एवढ्या मोठ्या वर्तुळात तो कितीसा दिसणार. यावर मामा म्हणाले, "सहकुटुंब असेल."

प्रयोगही झाला. साक्कोट्टैजवळ कापणी झालेल्या एका शेतात मामांनी दोरीने पंचवीस मीटरचं वर्तुळ आखलं. मध्ये नारळवाल्याची शिडी उभी केली, तिच्या टोकाला मामींची छत्री. हा जिराफ. मला गवत म्हणून शिडीशेजारी उभं केलं. यातून काय सिद्ध होणार होतं ते मला अजून कळलेलं नाही. इतक्यात शेतमालक धावत आला. दोरी, वर्तुळ, बँकेतली बाई. त्याला वाटलं, इथून नवा रस्ता जाणार. मामांनी त्याला समजावलं की हा रस्ता नाही, ओट्टगच्चिविंगी आहे. तमिळमध्ये जिराफाला असं म्हणतात, शब्दही जनावराइतकाच उंच. शेतमालक बराच वेळ शिडीकडे, मग छत्रीकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने आम्हा दोघांना शहाळी पाजली आणि उन्हात फार हिंडू नका म्हणाला.

मग पद्माचा फोन आला. मामा फोन नेहमी टेबलावर ठेवून मोठ्याने लावतात, त्यामुळे मी ताटावर बसल्या बसल्या सगळं ऐकलं.

"मामा, जिराफ नाहीं. धूळ असेल, नाहीं तर खालीं उतरलेला ढग. असें होतें. तो सतरावा काढून टाका यादींतून. संशयाचा ठिपका शेवटची यादी पाठवायच्या आधीं काढायची मुभा आहे, सगळे काढतात. बाकीचे सगळे बरोबर आहेत. तिकीट तुमचेंच."

मामांनी विचारलं, "आणि जुमाचा कागद?"

"ठिपका गेला की कागदही जातो. तो कोण वाचणार?"

मामांनी फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटची यादी पाठवली, सतराव्यासकट. शेऱ्यात लिहिलं, चूक माझी, जुमा बरोबर. तिकीट पुण्याच्या एका मुलीला मिळालं. मामींनी पुळीकाचलाची एक बरणी मला दिली, एक शेजारी दिली आणि तीन दिवस मामांशी बोलल्या नाहीत. मला स्वतःला इतका राग आला होता की मी गच्चीवर जाऊन त्यांना गाठलंच. बूट पायात होते, पण फेऱ्या थांबल्या होत्या. कठड्याशी नुसते उभे होते.

मी म्हटलं, "एक ओळ खोडायची होती, मामा. कुणाचं काय जाणार होतं?"

"अम्मा, मी छत्तीस वर्षें मोजणी केलों. जें जें माप सांगटलों, त्यावर भांडण. हा म्हणे राव चुकला, तो म्हणे राव चुकला. घरीं ही म्हणते. अमेरिकेंत मुलगा, तो माझें बोलणें पुरें होऊंच देत नाहीं." ते कठड्याला टेकले. "आणि तो जुमा. मी येथें टेबलाशीं बसून म्हटलों, तेथें झाड आहे. तो उठला आणि चालत गेला. खरें कां, म्हणून विचारलाही नाहीं. त्याचें चालणें मी कसें खोडूं?"

इतके दिवस मी या माणसाला हसत होते, आणि त्याचं म्हणणं एकदा तरी पूर्ण ऐकून घ्यावं असं मलाही कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी खिशातून फोन काढून जुमाने पाठवलेला फोटो दाखवला. लांबवर गवत, वर पांढरं ऊन, आणि गवतात उघडा ठेवलेला जेवणाचा डबा. मामांनी त्या डब्यावर बोट ठेवलं.

"झाड असतें," ते म्हणाले, "तर बिचारा सावलींत तरी जेवला असता."